मूत्रमार्गाचे विकार : संकोच नको, तपासणी हवी

माणिकपूरचा दैनंदिन व्यवहार वसई रोड रेल्वे स्थानकाशी बांधलेला आहे. पालघर जिल्ह्यातील ही वस्ती २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिकेत समाविष्ट झाली. येथून चर्चगेट सुमारे ५२ किलोमीटर दूर आहे. नोकरदार स्त्री-पुरुष, विद्यार्थी, भाजी व फुले विकणाऱ्या महिला असे असंख्य प्रवासी रोज हे अंतर कापतात. उपनगरी गाडीत शौचालय नसते. साहजिकच घरातून निघताना पाणी टाळावे आणि लघवीची भावना झाली तरी मुक्कामी पोहोचेपर्यंत थांबावे, अशी सवय अंगवळणी पडते. या साध्या वाटणाऱ्या सवयीतूनच मूत्रमार्गाच्या अनेक तक्रारींना वाट मिळते.

मूत्रसंस्थेचे कार्य

दोन मूत्रपिंडे, त्यांतून निघणाऱ्या दोन मूत्रवाहिन्या, मूत्राशय आणि मूत्रनलिका मिळून मूत्रसंस्था बनते. मूत्रपिंडांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक भाग शरीर परत शोषून घेते आणि साधारण दीड लिटर मूत्र बाहेर पडते. या प्रवाहाबरोबर मार्गात शिरलेले जंतूही धुऊन निघतात. पाणी कमी प्याल्यास किंवा लघवी वारंवार रोखून धरल्यास हे नैसर्गिक धुणे थांबते व जंतूंना वाढण्यास अवसर मिळतो. बहुतांश संसर्ग आतड्यात नेहमी असणाऱ्या ‘ई. कोलाय’ या जंतूमुळे होतात.

स्त्रियांमधील विकार

स्त्रीची मूत्रनलिका सुमारे ४ सेंटिमीटर, तर पुरुषाची सुमारे २० सेंटिमीटर लांब असते. त्यामुळे स्त्रियांच्या मूत्राशयापर्यंत जंतू लवकर पोहोचतात. जवळजवळ निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. लघवीला जळजळ, वारंवार जावेसे वाटणे, ओटीपोटात दुखणे ही त्याची लक्षणे होत. आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणून धण्याचे किंवा सब्जाचे पाणी देतात. त्याने शरीरात पाणी जाते, हे चांगलेच; परंतु जंतुसंसर्ग त्याने बरा होईलच असे नाही. थंडी वाजून ताप येणे, कमरेच्या वर पाठीत दुखणे, उलट्या होणे ही लक्षणे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची सूचना असू शकतात. अशा वेळी एक दिवसही दवडू नये.

गरोदरपणात तर काहीही त्रास नसताना लघवीत जंतू आढळू शकतात. उपचार न झाल्यास मूत्रपिंडाला संसर्ग होण्याचा आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका वाढतो. म्हणून गरोदर मातेची लघवी तपासणी चुकवू नये.

पुरुषांमधील विकार

तरुण पुरुषांत हा संसर्ग तुलनेने कमी असतो. पन्नाशीनंतर मात्र मूत्राशयाखालील पुरस्थ ग्रंथी, म्हणजेच प्रोस्टेट, वाढू लागते. लघवीची धार बारीक होते, रात्री वरचेवर उठावे लागते, मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. साचलेल्या मूत्रात जंतू वाढतात. ‘वय झाले’ म्हणून पुष्कळ जण हे सोसत राहतात; वास्तविक यावर औषधे व शस्त्रक्रिया दोन्ही उपलब्ध आहेत. लघवी अचानक पूर्ण तुंबल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

मुतखडा स्त्री-पुरुष दोघांनाही होतो. उन्हात राबणाऱ्या आणि घामाच्या प्रमाणात पाणी न पिणाऱ्या व्यक्तींनी विशेष जपावे. मधुमेही व्यक्तींनाही संसर्गाचा धोका अधिक असतो.

रक्त दिसल्यास

लघवीतून रक्त जाणे, मग ते एकदाच गेलेले असो वा वेदनारहित असो, कधीही दुर्लक्षू नये. त्यामागे संसर्ग, खडा किंवा कर्करोगही असू शकतो. याच लक्षणामागे रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी वेगळेच कारण सापडले होते. गोड्या पाण्यातील गोगलगाईंच्या आश्रयाने वाढणाऱ्या परजीवी कृमींमुळे तेथे मूत्रमार्गाचा रोग होत असल्याचे गाडगीळ व शहा या संशोधकांनी १९५२ मध्ये दाखवून दिले. तक्रार सांगितली गेली आणि लघवी तपासली गेली, तरच असे कारण उघड होते.

उपचार आणि काळजी

लघवीची तपासणी सोपी व वेदनारहित असते. सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेचा नमुना स्वच्छ बाटलीत द्यावा. डॉक्टरांनी दिलेली प्रतिजैविके बरे वाटू लागले तरी सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यावीत. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत. निरोगी प्रौढ व्यक्तीने तहान मारू नये व लघवी फिकट राहील इतके पाणी प्यावे. हृदयविकार वा मूत्रपिंडविकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. शौचानंतरची स्वच्छता पुढून मागे करावी, ही गोष्ट मातांनी मुलींना लहानपणीच शिकवावी.

सार्वजनिक जबाबदारी

व्यक्तीने कितीही काळजी घेतली, तरी जाण्यास जागाच नसेल तर उपदेश व्यर्थ ठरतो. मुंबईत २०११ मध्ये महिलांच्या मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ ही चळवळ सुरू झाली. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’च्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये महानगरपालिकांना महिलांसाठी स्वच्छ व सुरक्षित प्रसाधनगृहांची व्यवस्था करण्याचे निर्देश दिले. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ नुसार शाळेत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असणे आवश्यक आहे.

स्वच्छतागृह बांधून झाले की काम संपत नाही. त्यात पाणी आहे काय, कडी लागते काय, दिवा आहे काय आणि कुलूप कोणाकडे आहे, हे ग्रामपंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहावे. वर्गातून लघवीसाठी जाऊ मागणाऱ्या मुलीला शिक्षकांनी थांबवू नये. बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी घेऊन बसलेली स्त्री निर्धास्तपणे पाणी पिऊ शकते काय, हाच गावाच्या सोयींचा खरा कस आहे.