केबिनमधला पेशकार

वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून जन्मलेली प्राणहिता जेथे तेलंगण आणि गडचिरोली यांच्यामधली सरहद्द आखीत दक्षिणेकडे वाहते, त्या भागात बेज्जूर आहे. जुन्या अदिलाबाद जिल्ह्यातला आणि २०१६ च्या पुनर्रचनेनंतर कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलेला हा मुलूख कापसाचा आणि धानाचा आहे. कापूस येथे अजून माणसाच्या बोटांनीच वेचला जातो. धानाच्या बांधीत मात्र विळ्याची जागा हार्वेस्टरने घेतली असून, ओल्या जमिनीत चाके रुततात म्हणून चेनवर चालणारी यंत्रे तासाच्या भाड्याने फिरताना दिसतात.

या यंत्राच्या चालकासमोर पूर्वी इंजिनाचे फेरे, तापमान आणि तेलाचा दाब दाखविणारी दोन-चार घड्याळे असत, आणि मीटरवर चाललेले तास मोजले की मालकाचा हिशेब पुरा होई. आता त्यांच्या जोडीला क्षेत्र मोजणारा मोबाइल आला, मागचे दाखविणाऱ्या कॅमेऱ्याचा पडदा आला, आणि मोठ्या यंत्रांत पिकाच्या उताऱ्याची जागोजाग नोंद करणारा मॉनिटरही आला. असा मॉनिटर अमेरिकेतील आयोवा प्रांतातल्या अ‍ॅग लीडर या कंपनीने १९९२ साली बाजारात आणला होता. माहिती अशी वाढली. परंतु ती बघणारे डोळे दोनच राहिले, आणि त्यांचे मुख्य काम पडदा पाहण्याचे नसून समोरचे पीक पाहण्याचे आहे.

हा मुलूख निजामाच्या अमलाखाली असताना कचेरीत पेशकार नावाचा एक अंमलदार असे. कागद हाकिमापुढे ठेवणे हे त्याचे काम. पण तो स्वतः हाकिमाच्या पुढ्यात ठाण मांडून बसत नसे, बाजूला असे, आणि गरज पडताच नेमका कागद पुढे सरकवी. केबिनमधल्या पडद्याची जागा ठरविताना हाच दंडक पाळावा.

त्याचे कारण दृष्टीच्या स्वभावात आहे. मान सैल ठेवून बसलेल्या माणसाची नजर क्षितिजरेषेच्या थोडी खाली, सुमारे पंधरा अंशांवर स्थिरावते, आणि तेथून दोन्ही बाजूंना साधारण तेवढ्याच अंशांपर्यंत ती केवळ बुबुळांच्या हालचालीने सहज फिरते. त्यापलीकडे पाहावयाचे तर मान वळवावी लागते. ताशी चार किलोमीटर वेगाने चाललेले यंत्र दोन सेकंदांत दोन मीटरांहून अधिक अंतर कापते; तेवढ्यात धुऱ्यावरचा दगड कापणीच्या पात्याखाली येऊ शकतो. म्हणून ज्या पडद्याकडे वारंवार पाहावे लागते तो या सहज टप्प्याच्या काठाशी, परंतु समोरच्या पात्याच्या आणि लोंब्या ओढणाऱ्या रहाटाच्या दर्शनाआड न येता, उजव्या खांबाजवळ किंवा हातटेकणीच्या पुढे असावा. जो तासातून एखाद्या वेळी पाहावयाचा तो अधिक बाजूला गेला तरी हरकत नाही. आणि ज्या बाजूने टाकीतले धान्य ट्रॉलीत ओतावयाचे, ती बाजू मात्र सर्वस्वी मोकळी ठेवावी.

बोटाने चालवावयाचा पडदा पाठ न उचलता हाताच्या आवाक्यात यावा. त्यासाठी आधी आसन, मग स्टिअरिंग आणि शेवटी पडदा, असा क्रम ठेवावा. पुष्कळ जण तो नेमका उलटा धरतात. एका यंत्रावर दोन चालक पाळीने बसत असतील, तर गोळ्याच्या सांध्यावर फिरणारा हात बसवून प्रत्येकाने तो आपल्या उंचीप्रमाणे वळवून घेणे शहाणपणाचे. चाळिशी ओलांडलेल्या, दुहेरी भिंगांचा चष्मा वापरणाऱ्या चालकाला उंच टांगलेला पडदा वाचण्यासाठी मान मागे टाकावी लागते. त्याच्याकरिता तो खालीच बरा. दुपारच्या उन्हात पडद्यावर केबिनच्या काचेची झळाळी पडत असेल, तर उजेड वाढविण्याआधी पडद्याचा कोन बदलून पाहावा. रात्रीच्या कापणीत उलट उजेड मंद करावा. कारण अंधाराला पुरते सरावण्यास डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात, आणि प्रखर पडदा हा सराव क्षणात मोडतो.

तीन गोष्टींची सक्त ताकीद द्यावीशी वाटते. केबिनचे खांब, विशेषतः ट्रॅक्टरच्या सुरक्षा-केबिनचे, यंत्र उलटले तर चालकाचा जीव वाचविण्यासाठी असतात. त्यांना भोके पाडून किंवा वेल्डिंग करून पडदा बसवू नये, चापाने आवळावा. तारा पायाखालून नेऊ नयेत, आणि आणीबाणीत बाहेर पडण्याची वाट कशानेही अडवू नये. पडद्यांची संख्या वाढू लागली, तर आयएसओ ११७८३ या आंतरराष्ट्रीय मानकाने सुचविलेला मार्ग आहे: अनेक अवजारांसाठी एकच पडदा. ट्रॅक्टर आणि अवजार दोन्ही त्या मानकाचे असतील, तर प्रत्येक अवजाराबरोबर नवा डबा विकत घ्यावा लागत नाही.

हंगाम सुरू होण्यापूर्वी, इंजिन बंद असताना, आपल्या आसनावर बसून समोर पाहा. पात्याचे दोन्ही कोपरे दिसत नसतील, तर पडदा हलवा, मान नव्हे.