घरगुती चित्रफिती, तबकड्या व चित्राची गुणवत्ता

गेल्या शतकाच्या अखेरीस तेल्हारा, अकोट यांसारख्या वऱ्हाडातील गावी लग्नसमारंभाचे चित्रण व्हीएचएस चित्रफितीवर होत असे. पुढे अशा फिती व्हीसीडी तबकडीवर उतरविण्याची प्रथा पडली, आणि नवे साधन जुन्याहून सरसच असणार या समजुतीने मूळ फिती अडगळीत गेल्या. ही समजूत कितपत युक्त आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

भारतात १९८२ साली रंगीत दूरचित्रवाणी आली ती पाल पद्धतीची. या पद्धतीत चित्र ६२५ रेषांचे असून त्यांपैकी ५७६ रेषांत प्रत्यक्ष दृश्य असते. प्रथम विषम व नंतर सम क्रमांकाच्या रेषा टिपल्या जातात. त्यामुळे सेकंदास पूर्ण चित्रे २५ असली, तरी टिपलेले क्षण ५० असतात.

जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली आणलेल्या व्हीएचएसने या रेषा व हे क्षण कायम राखले. तिची उणीव आडव्या दिशेची होय. एका रेषेवर सुमारे ३२० बिंदूंइतकाच तपशील मावतो, आणि रंगाचा तपशील त्याहूनही पुष्कळ कमी असतो. म्हणूनच शालूचा तांबडा रंग काठाबाहेर ओघळल्यासारखा दिसतो. शिवाय प्रतीवरून प्रत काढताना चित्र उत्तरोत्तर बिघडत जाते.

१९९३ साली निघालेल्या व्हीसीडीची प्रत काढताना असा बिघाड होत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु तिचे चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे असते. अर्थात रेषा निम्म्या होतात, आणि सामान्यतः ५० क्षणांपैकी २५ गळतात. त्यातच सर्व चित्र दर सेकंदास सुमारे ११.५ लक्ष बिटांत बसवावे लागते. परिणामी वरातीतील नाचासारख्या चपळ दृश्यांत चौकोनी ठिगळे उमटतात. नव्या साधनाने येथे जुन्याचा काही भाग कायमचा गमावलेला असतो.

१९९६ साली आलेल्या डीव्हीडीवर ७२० × ५७६ बिंदू व सर्व ५० क्षण मावतात. २००६ च्या ब्लू-रे तबकडीची १९२० × १०८० ही बिंदुसंख्या त्याच्या पाचपट आहे. तथापि फितीवर जो तपशील मुळातच नाही, तो मोठ्या पात्रात ओतल्याने निर्माण होत नाही. पात्र मूळ वस्तूहून लहान नसावे, एवढेच पाहावयाचे.

तात्पर्य, व्हीसीडी हाती आहे म्हणून मूळ फीत टाकून देणे अनुचित होय. दोन्ही प्रकारच्या रेषा राखून, शक्य तितक्या अल्प संक्षेपणाने तिची नवी प्रत मुळावरूनच करावी. त्यास विलंब मात्र परवडणारा नाही. उष्णता व दमटपणा यांनी फितीवरील चुंबकीय लेप झिजतो, आणि फुनाई या जपानी कंपनीने २०१६ साली व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन थांबविल्यापासून चालू स्थितीतील यंत्रे दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत. फीत शाबूत राहूनही ती वाचणारे यंत्र नसेल, तर तीवरील चित्र असून नसल्यासारखेच ठरेल.