पाणी जोखणारी माणसे

जानेवारीत धबधबा पाहायला निघालो आहे, असे सांगितल्यावर घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी वेड्यातच काढले. आपल्याकडे धबधबा म्हणजे आषाढ-श्रावणातला. माळशेज, आंबोली, ठोसेघर. उलट्या झालेल्या छत्र्या, चिंब भिजलेली मुले, भाजलेली कणसे आणि घाटात लागलेली गाड्यांची रांग. दिवाळी सरली की सह्याद्रीतले बहुतेक धबधबे आटत जातात. जानेवारीत त्या जागी उरतो तो काळ्या कातळावरचा वाळलेल्या शेवाळाचा एक पट्टा. हिवाळ्यात धबधबा असतो तरी कुठे?

असतो. लडाखमधल्या झंस्कार खोऱ्यात असतो. फक्त तो पडत नाही, उभा असतो. नेरक गावाच्या खाली, नदीकाठच्या कड्यावरून उतरणारे पाणी थंडीत जागच्या जागी गोठते आणि कित्येक मजल्यांच्या उंचीचा बर्फाचा पडदा तयार होतो. तिथवर जायची वाटही पाण्याचीच आहे. दोन्ही बाजूंना उंच कडे, मध्ये झंस्कार नदी आणि तिच्यावर बर्फाचा थर. हीच ती ‘चादर’. साधारण जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ती अंथरलेली असते. 2019च्या जानेवारीत आम्ही दहाजण या चादरीवरून तो धबधबा पाहायला निघालो होतो.

दहा म्हटले खरे, पण प्रत्यक्ष वाटेला लागलो ते नऊच. मुंबईहून विमानाने निघालेला माणूस समुद्रसपाटीवरून काही तासांत लेहच्या साडेअकरा हजार फुटांवर जाऊन पोचतो. तिथल्या विरळ हवेची सवय व्हावी म्हणून लेहमध्ये मुक्काम करावा लागतो आणि मग वैद्यकीय तपासणी होते. रक्तातला प्राणवायू, रक्तदाब, फुप्फुसे. आमच्यातला सर्वांत दणकट गडी, दर रविवारी एक किल्ला सर करणारा, त्या तपासणीत अडकला. त्याने डॉक्टरांना पुष्कळ विनवले, किल्ल्यांची यादी ऐकवली. पण उपयोग झाला नाही. उंचीवरची हवा माणसाच्या दंडाकडे पाहत नाही, हा पहिला धडा लेहमध्येच मिळाला.

दुसरा धडा देणारा माणूस चिलिंगच्या पुढे, जिथे त्या वेळी मोटाररस्ता संपत होता तिथे, आमची वाट पाहत उभा होता. चाळिशी ओलांडलेला, बुटका, उन्हाने रापलेल्या चेहऱ्याचा. झंस्कारमधल्याच एका गावचा. ‘जुले’ म्हणून त्याने हात जोडले. लडाखी भाषेत थोरल्या भावाला ‘आचो’ म्हणतात आणि मान देण्यासाठी पुढे ‘ले’ लावतात. त्याच्याबरोबरची पोरे त्याला आचो-ले म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो.

आमच्या पाठीवर महागड्या पिशव्या होत्या, अंगावर चार-चार थरांचे कपडे होते. आचो-लेने त्यांतले काहीच पाहिले नाही. त्याने आम्हाला बर्फावर उतरवले आणि दहा मिनिटे नुसते चालायला लावले. आमच्यातले चौघे पहिल्या पन्नास पावलांत आपटले. मग तो म्हणाला, “पाय उचलू नका. बदकासारखं चाला. घाई असेल, तर अजून हळू चाला.” पायांत लेहच्या बाजारातून घेतलेले साधे रबरी गमबूट होते. गिरिभ्रमणाचे महागडे बूट पाणी आत शिरले की निरुपयोगी ठरतात, आणि चादरीवर पाणी कधी पायाशी येईल याचा नेम नसतो.

चादर म्हटली की गोठलेले, स्तब्ध तळे डोळ्यांसमोर येते. तसे ते नाही. खाली नदी वाहतच असते आणि तिचा आवाज पायाखालून ऐकू येतो. कडाक्याच्या थंडीत पाण्यात बर्फाचे बारीक कण धरू लागतात, ते काठाला आणि एकमेकांना चिकटत जातात आणि त्यांचा थर जमतो. ढगाळ हवा झाली किंवा थंडी थोडी उतरली की तोच थर सुटतो. पुढे कुठे बर्फ अडकून पाणी तुंबले तर ते थराच्या वर चढते. सकाळी गेलेली वाट दुपारी परत येताना असेलच असे नाही. नदीच्या एकाच वळणावर कुठे फूटभर जाडीचा बर्फ, तर चार हातांवर नुसता पापुद्रा.

आचो-ले हातातली काठी बर्फावर आपटत पुढे चालायचा. कुंभाराकडून मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो ना, अगदी तसे. भरीव आवाज आला तर पुढचे पाऊल, पोकळ आला तर बाजूने. बर्फाच्या रंगाकडेही त्याचे लक्ष असे. दुधी पांढरा, निळसर, काळपट. आम्हाला सगळा बर्फ सारखाच दिसे, त्याला त्यातला फरक चालता चालता कळे. आम्ही एकामागे एक त्याच्या पावलांवर पाऊल टाकत जात होतो. मराठीत एखाद्याची कुवत ओळखण्याला ‘पाणी जोखणे’ म्हणतात. हा माणूस दिवसभर पाणी जोखत होता आणि संध्याकाळी तंबूत आमच्या चेहऱ्यांकडे पाहून आमचेही.

दुसऱ्या रात्री टिब्बच्या गुहेपाशी मुक्काम पडला. थंडी उणे पंचवीसच्या आसपास. पिण्याच्या पाण्याची बाटली झोपायच्या पिशवीत घेऊन निजायचे, नाही तर सकाळी तिचा दगड झालेला असे. सामान वाहणारी मंडळी मात्र गुहेत शेकोटीभोवती बसून, मीठ-लोण्याचा चहा पीत गाणी म्हणत होती. त्यांच्या लाकडी घसरगाड्या बाहेर उभ्या करून ठेवलेल्या होत्या.

सकाळी आचो-ले पुढे जाऊन वाट पाहून आला आणि म्हणाला, “आज नाही. पाणी वर आलंय.”

धबधबा तिथून एका दिवसाच्या चालीवर होता. हातातले दिवस मोजके. आमच्यात कुजबुज सुरू झाली, मग आवाज चढले. एकाने सांगितले, आम्ही पैसे भरले आहेत. दुसरा म्हणाला, गुडघाभर पाण्यातून जाऊ, त्यात काय एवढे! मीही त्यांतलाच होतो, हे कबूल केले पाहिजे. आचो-ले शांतपणे ऐकत होता. सगळ्यांचे बोलून झाल्यावर एवढेच म्हणाला, “धबधबा कुठे जात नाही. तो गोठलेला आहे. तुम्हीही जरा गोठा.”

सगळे हसले आणि ताण सैल झाला. त्या रिकाम्या दिवशी शेकोटीपाशी त्याच्याशी नीट बोलणे झाले. या वाटेवर तो पहिल्यांदा चालला तेव्हा नऊ वर्षांचा होता. लेहला शाळेत घालायला वडील घेऊन निघाले होते. हिवाळ्यात बर्फाने खिंडी बंद झाल्या की झंस्कारचा जगाशी संबंध तुटे. उरे ती फक्त ही नदी. लोणी घेऊन लेहच्या बाजाराला जाणारे, मीठ-मसाला घेऊन परतणारे, शाळेची मुले, सगळे याच वाटेने. सुमारे शंभर किलोमीटर, रात्री गुहेत काढत. “एका वर्षी आई आजारी पडली,” तो म्हणाला. “चादर तुटली होती. आठ दिवस आम्ही घरात बसून बर्फ जमायची वाट पाहिली. तुम्ही आज एक दिवस पाहताय.”

पुढचे काही कुणी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी वाट मिळाली. एका ठिकाणी नदीवर बर्फच उरला नव्हता, तिथे कड्याच्या अंगाने, दोरीला धरून, वरून जावे लागले. दुपार कलताना एका वळणावर आचो-ले थांबला आणि त्याने काठी वर केली.

धबधबा पाहून पहिल्यांदा जाणवते ती शांतता. धबधबा आणि आवाज हे आपल्या मनात जोडलेले असतात. इथे एवढे पाणी समोर आहे, कोसळण्याचा सगळा आविर्भाव आहे आणि आवाज नाही. वरपासून खालपर्यंत शेकडो सुळे लोंबत आलेले, एकमेकांत मिसळलेले. देवळाच्या दीपमाळेवरून तेल ओघळून थिजावे तसे. हे एका रात्रीत घडत नाही. झऱ्याचे पाणी थोडे थोडे येत राहते, बाहेरच्या बाजूने गोठते, त्यावरून पुन्हा ओघळते, पुन्हा गोठते. आठवडेच्या आठवडे थरावर थर चढतात. जिथे बर्फात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात तिथे तो पांढरा दिसतो. जिथे तो घट्ट आणि जाड असतो तिथे प्रकाशातला तांबडा भाग शोषला जातो आणि निळाई उरते. कान लावला तर आत कुठे तरी बारीक धार चालू असल्याचे ऐकू येते. धबधबा मेलेला नसतो, तो पांघरूण घेऊन असतो.

आम्ही फोटो काढले. हातमोजा काढला की मिनिटभरात बोटे बधिर व्हायची, म्हणून पाळीपाळीने. आचो-ले मात्र धबधब्याकडे पाठ करून नदीकडे पाहत उभा होता. परतीच्या वाटेचा विचार त्याच्या डोक्यात सुरू झाला होता.

निघताना मी त्याला विचारले, की कडे फोडून रस्ता पुढे पुढे येतो आहे, तो पूर्ण झाला की ही चादरची वाट संपेल, त्याचे वाईट नाही वाटत? माझ्या प्रश्नात शहरी माणसाचा हळवेपणा होता. तो म्हणाला, “हिवाळ्यात तुमच्यामुळे चार पैसे मिळतात, ते जातील याची काळजी वाटते. पण वाईट कशाला वाटेल? माझ्या मुलीनं लेहला जाताना बर्फ वाजवून पाहायला नको.”

तो रस्ता आता झाला आहे. निम्मू-पदुम-दारचा हा 298 किलोमीटरचा मार्ग सीमा रस्ते संघटनेने मार्च 2024 मध्ये जोडून पूर्ण केला. शिंकू ला खिंडीखालून 4.1 किलोमीटरचा बोगदा काढण्याच्या कामाचा पहिला सुरुंग जुलै 2024 मध्ये उडवला गेला. बारमाही वाट मिळावी, हे झंस्कारच्या माणसांचे जुने स्वप्न. आपण चार दिवसांचे पाहुणे. ‘पूर्वीची गंमत गेली’ असे म्हणण्याआधी त्या आठ दिवसांची आठवण ठेवलेली बरी.

नदीचा लहरीपणा काही रस्त्याने कमी होत नाही. 31 डिसेंबर 2014ला दरड कोसळून झंस्कारला मिळणारी फुकताल नदी अडली, मोठे तळे साचले आणि 7 मे 2015ला ते फुटून पूर आला. जानेवारी 2020 मध्ये नेरकजवळ बर्फ फुटल्याने अडकलेल्या गिरिभ्रमणकारांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. म्हणून ज्यांना हा धबधबा पाहायचा आहे त्यांनी काही गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. स्थानिक वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नये. लेहमधला मुक्काम कापून दिवस वाचवू नयेत. डॉक्टरांपासून दमा, हृदयविकार लपवू नये. परतीच्या तिकिटाआधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत. आपला कचरा आपणच परत आणावा. त्या थंडीत काही कुजत नाही आणि बर्फ वितळला की सगळे नदीत जाते. सर्वांत महत्त्वाचे, वाटाड्याने ‘नाही’ म्हटले की ते नाहीच समजावे. धबधबा न पाहता परत यावे लागले, तरी ती सहल फुकट गेली असे मानू नये.

शेवटच्या दिवशी आम्ही चादरीवरून वर चढून रस्त्याला लागलो. पायाखाली बऱ्याच दिवसांनी कोरडी, घट्ट जमीन आली होती. आम्ही सगळे भराभर चालू लागलो, मोठ्याने बोलू लागलो. आचो-ले मात्र सवयीने रस्त्यावर दोनदा काठी आपटून पुढे निघाला. मग त्याच्या लक्षात आले आणि तो स्वतःशीच हसला.

घरी आल्यावर सगळ्यांनी फोटो पाहिले. धबधबा सुंदरच आला होता. आचो-लेचा मात्र एकही धड फोटो आमच्याकडे नव्हता. जे होते त्या सगळ्यांत त्याची पाठ दिसत होती आणि पुढे टेकलेली काठी.