कपड्यांच्या खोलीची निगा



हिंगोली, वसमत, कळमनुरी अशा गांवांतून नवें घर बांधतांना निजण्याच्या खोलीला लागून कपड्यांसाठीं एक स्वतंत्र लहानशी खोली काढण्याची हौस आतां दिसूं लागली आहे. माणसानें आंत जावें, हवें तें वस्त्र निवडावें आणि बाहेर यावें, अशी ही सोय. सोय मोठी खरी. पण श्रावणांत एखाद्या दिवशीं दार उघडावें, तों कुबट वासाचा झोत अंगावर यावा आणि ठेवणींतल्या शालूच्या घडीवर पांढुरके ठिपके दिसावेत, हा अनुभवही तिच्याबरोबरच येतो. या खोलीची निगा कशी राखावी, याविषयीं आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. त्यांतली शेवटची गोष्ट केवळ वस्त्रांची नाहीं. घरांतल्या तान्ह्या मुलाच्या जिवाशीं तिचा संबंध आहे. तेवढी तरी अवश्य लक्षपूर्वक ऐकावी.

प्रथम वासाचा विचार करूं. कुबट वास हा स्वतः रोग नव्हे. तें रोगाचें लक्षण आहे. म्हणून त्यावर अत्तर शिंपडणें म्हणजे तापलेल्या माणसाच्या कपाळाला गंध लावण्यासारखें आहे. हा वास बुरशीचा. बुरशीचे बीजकण हवेंत सर्वत्र असतात. त्यांना रुजावयास पाणी तेवढें हवें असतें. हवेंतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा ६५ ते ७० च्या वर बरेच दिवस राहिली, कीं कपडा, चामडें, लांकूड यांवर बुरशी धरते. मे महिन्यांत आपल्याकडील हवा इतकी कोरडी असते कीं ओलें धोतर पाहतां पाहतां वाळतें. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मात्र ही मर्यादा दिवसचे दिवस ओलांडली जाते.

आपल्या जुन्या माळवदाच्या घरांत कपड्यांना खोली नव्हती. दांडी होती, कोनाडा होता आणि फार तर एक लांकडी पेटी. तेथील मातीच्या जाड भिंती दमट दिवसांत थोडा ओलावा पोटांत घेत आणि कोरड्या दिवसांत तो परत सोडीत. सिमेंटच्या, रंग दिलेल्या भिंतीच्या ठिकाणीं हा गुण फारसा नाहीं. त्यांत ही नवी खोली बहुधा बिनखिडकीची आणि न्हाणीघराला चिकटलेली. तेव्हां पूर्वी जें काम भिंत करी, तें आतां आपणांस करावयाचें आहे.

तें करण्याचा पहिला नियम आपल्या जिल्ह्यांतील हळद पिकविणाऱ्याला कोणी शिकवावयास नको. शिजवलेली हळद पुरती वाळल्याशिवाय तो पोत्यांत भरीत नाहीं; हळकुंड मोडून पाहतो आणि तें खणकन् तुटलें तरच कोठाराचा विचार करतो. कपड्यांनाही हाच न्याय लावावा. इस्त्री केलेला कपडा गरम असतांनाच रचूं नये. त्यांत वाफ असते. हाताला कोरडी लागणारी शिवण गालाला लावून पाहावी. गार लागली तर ओल आहे असें समजावें. एकदां अंगावर घातलेला कपडा धुतलेल्या कपड्यांत परत ठेवूं नये. घामाचा क्षार हवेंतून ओलावा ओढतो आणि घामाचे, अन्नाचे डाग किड्यांना आमंत्रण देतात. वापरलेल्या कपड्यांसाठीं खोलीबाहेर एक खुंटी असावी.

दुसरा नियम मांडणीचा. फळ्या आणि कपाटें भिंतीपासून चार बोटें आणि जमिनीपासून वीतभर दूर असावींत, म्हणजे मागून वारा खेळतो. न्हाणीघराकडच्या भिंतीवर हात ठेवून अधूनमधून पाहावें. तेथें रंगाचे पोपडे सुटत असतील, तर नळ गळत आहे, आणि गवंड्याला बोलावल्याशिवाय दुसरा कोणताही उपाय चालणार नाहीं. झड लागली असतां दार उघडें टाकण्यांत लाभ नाहीं. बाहेरची ओल आंत येते. उघडीप पडून ऊन आलें, कीं दुपारीं दार उघडून पंखा लावावा. कळीचा चुना मडक्यांत निम्म्यापर्यंत भरून कोपऱ्यांत ठेवल्यास तोही ओलावा शोषतो. फुलून त्याची भुकटी झाली कीं तो बदलावा. मात्र त्यावर पाणी पडूं देऊं नये आणि मुलांचा हात तेथें पोंचूं नये, कारण पाण्याच्या संयोगानें तो भाजण्याइतका तापतो.

आतां किड्यांकडे वळूं. ज्यांना आपण सरसकट ‘कसर’ म्हणतों, ते वस्तुतः निरनिराळे प्राणी आहेत. एक आहे बारीक, पिंवळसर पतंगाची अळी. पतंग स्वतः कांहीं खात नाहीं. अळी लोंकर, पिसें आणि रेशीमही खाते, परंतु स्वच्छ सुती कपड्याच्या वाटेस सहसा जात नाहीं. दुसरा आहे चंदेरी रंगाचा, बिनपंखांचा, चपळ किडा. त्याची आवड खळीवर आणि कागदावर. म्हणून खळ दिलेलें पातळ दीर्घकाळ ठेवावयाचें झाल्यास खळ धुवून काढावी. दोघांनाही अंधार आणि शांतता प्रिय आहे. तेव्हां वरचेवर हालवाहालव करणें, हेंच त्यांवरील सर्वांत स्वस्त औषध होय.

निंबाचा पाला, वेखंड, लवंगा हे आजीच्या पेटींतले उपाय टाकाऊ नाहींत. पण त्यांची मर्यादा ओळखावी. ते किड्यांना दूर ठेवण्यास मदत करतात. आधींच घातलेलीं अंडीं त्यांनीं नष्ट होतीलच असें नाहीं. पाला सावलींत कडकडीत वाळवून मलमलच्या पुरचुंडींत बांधावा. ओला पाला ठेवणें म्हणजे बुरशीच पेरणें. वास उडाला कीं पुरचुंडी बदलावी.

पैठणी, शालू, सोवळ्याचा पीतांबर यांना ऊन दाखवूं नये. उन्हानें रेशमाचा रंग विटतो आणि तंतु दुबळा होतो. त्यांना सावलींतला वारा पुरे. खऱ्या जरींत चांदी असते आणि हवेंतील गंधकयुक्त वायूंनीं ती काळवंडते. म्हणून असें वस्त्र धुतलेल्या मऊ सुती कापडांत गुंडाळावें. वर्तमानपत्रांत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवींत तें ठेवूं नये. दर तीन महिन्यांनीं घडी बदलावी, नाहीं तर वस्त्र घडीवरच विरतें.

आतां ती शेवटची गोष्ट. ती डांबरगोळ्यांची. या गोळ्या बहुधा नॅप्थेलीनच्या असतात, आणि त्यांची वाफ कपड्यांत मुरते. कित्येक मुलांच्या रक्तांत जी-सिक्स-पी-डी नांवाच्या द्रव्याची जन्मजात उणीव असते; ती वरून दिसत नाहीं. अशा बालकाला या गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत गुंडाळल्यास त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटूं लागतात, कावीळ होते, आणि नवजात बालकाच्या बाबतींत ती मेंदूपर्यंत जाऊन जिवावर बेतूं शकते. आपल्याकडे बाळंतपण आलें कीं आजीचें जुनें, मऊ लुगडें पेटींतून काढून त्याचीं दुपटीं करण्याची रीत आहे. रीत मायेची आहे. पण त्या पेटींत वर्षभर काय होतें, हें कोण विचारतो? युरोपीय संघानें २००८ सालीं या गोळ्यांच्या विक्रीस बंदी केली. आपल्या घरांत ही बंदी आपणच घालावी. निदान मुलांचे कपडे, दुपटीं, गोधड्या त्यांच्याजवळ नेऊं नयेत. बाळ एकाएकीं निस्तेज किंवा पिंवळें दिसूं लागलें, त्याची लघवी गडद झाली, तर घरगुती औषधांत वेळ न दवडतां त्याला डॉक्टरकडे न्यावें, आणि गोळ्यांचा उल्लेख न विसरतां करावा.

ही सारी निगा वर्षांतून एकदां मुळापासून करावी, आणि तिला दसऱ्याइतका सोयीचा मुहूर्त नाहीं. पाऊस सरलेला असतो, ऊन स्वच्छ असतें, आणि हिंगोलीच्या दसऱ्याला जाण्यासाठीं ठेवणींतलीं वस्त्रें तशींही बाहेर निघतात. त्या आठवड्यांत खोली पुरती रिकामी करावी. फटी आणि कोपरे कुंचल्यानें झाडावेत, फळ्या साबणाच्या फडक्यानें पुसून दिवसभर वाळूं द्याव्यात. लोंकरी आणि सुती कपडे उन्हांत, रेशमी सावलींत. सायंकाळीं, सर्व गार झाल्यावर, घड्या परत रचाव्यात. मग दार उघडल्यावर आंतून कसलाच वास येणार नाहीं; आणि कपड्यांच्या खोलीला याहून चांगला सुगंध नाहीं.