शेजारच्या बाकावरचा शिक्षक

नववीच्या वर्गात इतिहासाचा तास चालू असतो. शिक्षक एकेकाला उठवून परिच्छेद वाचायला सांगतात. मागच्या बाकावरच्या मुलाची पाळी येते. तो उभा राहतो, पहिले दोन शब्द कसेबसे उच्चारतो आणि ‘स्वातंत्र्य’ या शब्दापाशी अडतो. शेजारचा मुलगा मान खाली घालून तो शब्द कुजबुजतो. वाक्य पुढे सरकते. कुजबुज शिक्षकांच्या कानी जाते, दोघांनाही बोलणी बसतात आणि पुस्तक तिसऱ्याकडे जाते. पेण-रोह्याकडच्याच काय, महाराष्ट्रातल्या कोणत्याही माध्यमिक शाळेत हा प्रसंग अनोळखी वाटू नये. वर्गाच्या शिस्तीत जो अपराध ठरतो, त्याच कुजबुजीत एका जुन्या दुखण्यावरचा उपाय दडलेला आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुखणे किती खोलवर गेले आहे हे ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीने दाखवून दिले. निवडक ग्रामीण जिल्ह्यांतील १४ ते १८ या वयोगटातील मुलामुलींची ती पाहणी होती. त्यांपैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक मुले शाळा-महाविद्यालयांच्या पटावर होती. आणि तरीही सुमारे एक चतुर्थांश मुलांना स्वतःच्या भाषेतला, दुसरीच्या पातळीचा मजकूर अस्खलित वाचता आला नाही. ज्यांची प्राथमिक वर्षे २०२० नंतरच्या शाळाबंदीत गेली, ती मुलेही आता माध्यमिक वर्गांत पोचली आहेत. मूल पटावर आहे म्हणजे ते शिकत आहे, हा समज किती भाबडा होता, हे यावरून दिसावे.

माध्यमिक शाळेत हा प्रश्न अधिक अवघड होऊन बसतो. तेथील शिक्षक आपापल्या विषयांत तयार झालेले असतात. अक्षर, मात्रा आणि जोडाक्षर यांची सांगड मुलाच्या मनात कशी घालायची, हे प्राथमिक शिक्षकाचे काम मानले जाते. ‘कमळ’ वाचू शकणारा मुलगा ‘प्रकाशसंश्लेषण’ या शब्दापाशी थांबतो. वाक्याच्या शेवटाशी पोचेपर्यंत त्याचा आरंभ तो विसरलेला असतो. गणितात तो नापास होतो तो पुष्कळदा आकडेमोडीमुळे नव्हे, तर उदाहरण काय विचारते आहे हेच न वाचता आल्यामुळे. पाठांतर आणि शेजाऱ्याची वही यांच्या आधाराने तो दहावीच्या उंबरठ्यापर्यंत येतो आणि तेथे उघडा पडतो.

रायगड जिल्ह्यात या प्रश्नाला स्थानिक रंग आहेत. कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर बाहेर पडतात, ती पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. ज्या मुलाची शाळा दर वर्षी अशी मध्येच तुटते, त्याचे वाचन सलग होणार तरी कसे? दुसरा प्रश्न बोलीचा. पेणच्या खाडीकाठी आगरी बोलणाऱ्या घरांत ‘पाणी’ हे ‘पानी’ असते, ‘शाळा’ ही ‘शाला’ असते आणि ‘घोडा’ हा ‘घोरा’ असतो. पुस्तकात ‘पाणी’ पाहून ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाने शब्द बरोबर ओळखलेला असतो. त्याला चुकला म्हणून थांबवले, तर आपल्याला वाचताच येत नाही अशी त्याची समजूत होते आणि तो तोंड मिटून घेतो. न वाचता येणे आणि वेगळे उच्चारणे यांतील फरक त्याच गावच्या, तीच बोली बोलणाऱ्या मोठ्या मुलीला किंवा मुलाला सहज कळतो. सोबत्याची ही योग्यता कोणत्याही पदवीने मिळणारी नव्हे.

जुनी कल्पना, जुना धोका

मुलांनी मुलांना शिकवावे ही कल्पना परकी नाही. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर लहानांकडून अक्षरे गिरवून घेण्याचे काम मोठी मुलेच करीत. अँड्र्यू बेल यांनी १७८९ नंतर मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत हीच रीत राबवली. तेथे आठ वर्षांच्या एका मुलाने मुळाक्षरांचा वर्ग सांभाळला. पुढे ती ‘मद्रास पद्धती’ म्हणून इंग्लंडात गेली आणि जोसेफ लँकेस्टर यांच्या पद्धतीबरोबर दूरवर पसरली. पण तिची लोकप्रियता मुख्यतः स्वस्ताईमुळे होती. एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले बसवता येतात, हेच तिचे आकर्षण ठरले. साहजिकच शिकणे यांत्रिक झाले आणि पद्धत मागे पडली.

हा इतिहास विसरून चालणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहाध्यायांकडून मिळणाऱ्या मदतीचा पुरस्कार केला आहे. मात्र ती ऐच्छिक, आनंददायी आणि प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली असावी, असेही म्हटले आहे. ती अट कागदावर ठेवून शिक्षकांच्या रिकाम्या जागा विद्यार्थ्यांकरवी भरून काढण्याचा मोह कोणाला झाला, तर मद्रासचीच पुनरावृत्ती होईल.

उपाय स्वतः साधा आहे. ब्रिटनमध्ये कीथ टॉपिंग यांनी ज्या जोडीवाचनाचा पाठपुरावा केला, त्यात दोघे एकच मजकूर एकत्र, मोठ्याने वाचतात. आत्मविश्वास आला की शिकणारा खूण करतो आणि सोबती थांबतो. शब्द अडला तर सोबत्याने चार-पाच सेकंद वाट पाहायची, मग शब्द सांगायचा, शिकणाऱ्याने तो म्हणायचा आणि पुढे जायचे. रागावणे नाही, हसणे नाही. म्हणजे पाहू गेल्यास ती मागच्या बाकावरची कुजबुजच. फक्त तिला शिस्त आणि प्रतिष्ठा लाभलेली.

मान कोणाचा?

खरी अडचण आहे ती मानापमानाची. नववीच्या मुलाला चारचौघांत दुसरीचे पुस्तक वाचायला देणे, किंवा त्याच्याच वर्गातल्या पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला त्याचा गुरू नेमणे, हा त्याचा उपमर्द आहे. तो वाचणार नाही. कदाचित शाळाच सोडील. येथे एक वेगळी वाट आहे. त्या मुलाला दुसरी-तिसरीतले एखादे मूल शिकवायला द्यावे. धाकट्याला वाचून दाखवायचे म्हणून त्याला ते सोपे पुस्तक आदल्या दिवशी स्वतः वाचावे लागेल, शिक्षकांकडून अडलेले शब्द विचारून घ्यावे लागतील. ज्या पुस्तकाने कालपर्यंत त्याची लाज काढली असती, तेच आज ‘दादा’ म्हणून घेण्याचे साधन होईल. ही केवळ कल्पना नव्हे. स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यात शंभराहून अधिक प्राथमिक शाळांत झालेल्या प्रयोगात मोठ्या मुलांनी लहानांना शिकवल्याचा लाभ दोघांनाही झाल्याचे आढळले. शिकवणारा शिकतो, हा अनुभव आपल्याकडेही कोणाला नवा नाही.

यासाठी रायगडात आयती सोय आहे. आदिवासी आश्रमशाळांत लहानमोठी मुले एकाच आवारात राहतात. संध्याकाळचा अर्धा तास तेथे सहज निघू शकतो. इतर ठिकाणी माध्यमिक शाळेने जवळच्या जिल्हा परिषद शाळेशी जोडून घ्यावे. मात्र हे काम शाळा सुटल्यावर ठेवू नये. एस.टी.च्या शेवटच्या गाडीने वाडीवर परतणारा मुलगाच त्यातून गळेल, आणि गरज तर त्यालाच अधिक. वेळापत्रकात आठवड्यातून तीन वेळा वीस मिनिटे राखून ठेवावीत, जोड्या शिक्षकांनी विचारपूर्वक जुळवाव्यात आणि दर महिन्याला प्रत्येक मुलाचे वाचन स्वतः ऐकावे.

हुशार मुलांचा वेळ वाया जाईल, अशी तक्रार पालक करतील. ती अगदीच गैरलागू नाही. म्हणूनच सहभाग ऐच्छिक हवा. पण ज्याला धडा दुसऱ्याला समजावून सांगता येतो, त्याचाच तो पक्का झालेला असतो, हे त्यांनाही नाकारता येणार नाही.

पेण तालुक्यातील गागोदे ही विनोबांची जन्मभूमी. संस्कृत गीता आईला कळत नव्हती, म्हणून त्यांनी ती मराठीत आणली. कठीण अक्षर आणि उत्सुक मन यांच्यामध्ये आपल्या माणसाने उभे राहावे, एवढेच त्या ‘गीताई’च्या मुळाशी आहे. आजच्या वर्गातही तो माणूस फार दूर नाही. तो शेजारच्या बाकावर बसला आहे आणि शब्द सांगू पाहतो आहे. त्याला गप्प बसवायचे की त्याच्याकडे काम सोपवायचे, एवढाच निर्णय शाळांनी घ्यायचा आहे.