जुन्या लेन्सच्या पिवळ्या काचेत काय दडलंय?

जुन्या बाजारातून आणलेली कॅमेऱ्याची लेन्स पांढऱ्या कागदावर धरली आणि कागद पातळ चहाच्या रंगाचा दिसला, तर दोष दर वेळी धुळीचा किंवा बुरशीचा नसतो. १९४० ते १९७०च्या दशकांत बनलेल्या काही नामांकित लेन्सच्या काचेत थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य मिसळलेले असे. या लेन्स आता आधुनिक डिजिटल कॅमेऱ्यांवर पुन्हा चढू लागल्या आहेत. त्यामुळे त्या वापरणे सुरक्षित आहे का, हा प्रश्न रास्त ठरतो.

या पुनरागमनाला कारण आहे मिररलेस कॅमेऱ्यांची रचना. २०१७ मध्ये बाजारात आलेल्या फुजीफिल्म जीएफएक्स ५०एस या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्याचा सेन्सर ४३.८ बाय ३२.९ मिलिमीटरचा, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीच्या सुमारे १.७ पट मोठा आहे. आत आरसा नसल्याने लेन्स बसते ती कडी सेन्सरपासून फक्त २६.७ मिमीवर असते. पेंटॅक्स ६×७ या फिल्म कॅमेऱ्याच्या लेन्सला मात्र सुमारे ८५ मिमी अंतर लागते. मधले ५८ मिमी भरून काढते ती अडॅप्टर नावाची धातूची पोकळ नळी. त्यात काच नसते. लेन्स मुळात अधिक मोठ्या फिल्मसाठी घडवलेली असल्याने प्रतिमा सेन्सरच्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचते. फोकस आणि छिद्र तेवढे हाताने जुळवावे लागते. या मालिकेतली १०५ मिमी एफ/२.४ टाकुमार लेन्स हौशी मंडळींची विशेष लाडकी आहे. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत थोरियमयुक्त काच आहे.

थोरियम ऑक्साइड घातलेली काच प्रकाशाला जास्त वाकवते, पण रंगांना एकमेकांपासून फारसे फाकू देत नाही. म्हणून भिंगांना कमी बाक देऊनही रेखीव प्रतिमा मिळते. किंमत मोजावी लागते ती काचेलाच. किरणोत्सर्गामुळे काचेतले इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि सूक्ष्म दोषांच्या जागी अडकून पडतात. या जागा निळा प्रकाश शोषतात आणि काच पिवळी दिसते. कॅमेऱ्यातले व्हाइट बॅलन्स रंग सुधारते, पण हरवलेला निळा प्रकाश परत येत नाही.

आता आरोग्याचे. थोरियमचे अल्फा कण साधा कागद किंवा त्वचेचा वरचा मृत थरही अडवतो. बीटा व गॅमा किरण थोडे बाहेर पडतात, पण अंतर वाढले की त्यांची मात्रा झपाट्याने घटते. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाच्या २००१च्या अहवालानुसार, वर्षातले ३० दिवस रोज ६ तास असा कॅमेरा बाळगणाऱ्याला सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळू शकते. माती, हवा, अन्न आणि अवकाश यांतून माणसाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट नैसर्गिक किरणोत्सर्ग दरवर्षी मिळतच असतो. म्हणजे छायाचित्रणासाठी ही लेन्स वापरताना घाबरण्याचे कारण नाही.

काळजी मात्र हवी. अशी लेन्स भिंग म्हणून डोळ्याला लावून पाहू नये. डोळ्याजवळ धरायच्या आयपीसमध्ये आणि चष्म्यात थोरियमची काच वापरायला अमेरिकी नियमांत परवानगी नाही, ती याच कारणाने. काच घासू किंवा पॉलिश करू नये. तिची पूड श्वासातून अथवा तोंडातून शरीरात गेली, तर एरवी त्वचेवर अडणारे अल्फा कण थेट आतल्या पेशींवर मारा करतात. फुटलेली लेन्स झाडूने न झाडता हातमोजे घालून ओल्या कागदाने टिपावी. लेन्स उशाशी किंवा मुलांच्या हाती ठेवू नये.

अतिनील प्रकाशाने अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि पिवळेपणा उतरतो. त्यासाठी लेन्स उन्हात ठेवून निघून जाणे धोक्याचे; एकवटलेल्या उन्हाने आग लागू शकते. अतिनील दिव्याकडेही उघड्या डोळ्यांनी पाहू नये. शिवाय रंग गेला तरी थोरियम जात नाही. त्याचा अर्धायुकाल सुमारे १४०० कोटी वर्षांचा आहे. म्हणून स्वच्छ दिसणारी लेन्स थोरियमविरहित आहे असे समजू नये. खात्री हवी असेल, तर ती गायगर काउंटरच देऊ शकतो.