गाडीतल्या मुलांचे मन कसे रमवावे?

खेडेगावात एकेकाळी चारचाकी म्हटली की ती एसटी, नाही तर तालुक्याच्या डॉक्टरांची मोटार. आता तसे राहिलेले नाही. उसाचा, द्राक्षांचा, दुधाचा पैसा हाती आला, घरातल्या कोणाला नोकरी लागली, की पुष्कळ घरांच्या दारात गाडी येऊन उभी राहते. मग लग्नाला, जत्रेला, देवदर्शनाला, मामाच्या गावाला सारे घर तिच्यात बसून निघते. पुढे वडील गाडी चालवायला, शेजारी आजोबा, आणि मागे आई, आजी व मुले. पहिले दहा-पंधरा किलोमीटर मजेत जातात. मग मागून सूर निघू लागतात. "अजून किती लांब आहे?" "हा मला ढकलतो." "खिडकी मला पाहिजे." शेवटी वडील मान मागे वळवतात आणि ओरडतात, "गप्प बसा म्हटले ना!"

मंडळी, ही जी मान मागे वळली ना, तिच्यासाठीच आजचे हे चार शब्द आहेत. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. वडिलांनी दोनच सेकंद मागे पाहिले, तरी ३३ मीटर रस्ता डोळे मिटून कापल्यासारखा होतो. तेवढ्यात शेळ्यांचा कळप आडवा येतो, पुढचा ट्रॅक्टर वळतो, सायकलवरचा पोरगा खड्डा चुकवतो. म्हणून प्रवासात मुलांचे मन रमवणे ही श्रीमंतांची चैन नव्हे. तो सुखरूप पोहोचण्याचाच एक भाग आहे.

आधी मूल चुळबुळ का करते ते पाहू. मोठ्या माणसाला पुढचा रस्ता दिसतो. कोणता गाव आला, कोणता गेला, हे त्याला कळते. लहान मुलाची उंची बेताची. त्याच्या डोळ्यांसमोर असते ती पुढच्या सीटची पाठ. हलायचे नाही, उभे राहायचे नाही, आणि करायला काही नाही. अशा वेळी पाच वर्षांचे मूल तासभर शांत बसेल अशी अपेक्षा धरणेच चुकीचे. त्याच्या मनाला काही काम दिले पाहिजे.

हे काम देण्यासाठी बाजारात आज अनेक साधने मिळतात. काही मोटारींत पुढच्या सीटच्या पाठीला, डोके टेकण्याच्या जागेमागे, छोटे पडदे बसवलेले असतात. मागे बसलेल्या मुलाला त्यावर चित्रपट किंवा कार्टून पाहता येते. ज्यांच्या गाडीत असे पडदे नाहीत ते टॅब्लेट लावतात, नाही तर सरळ आपला मोबाइल मुलाच्या हाती देतात. घटकाभर शांतता होते हे खरे. पण या शांततेची किंमत काय पडते, तेही समजून घ्यावे.

पहिली गोष्ट, गाडी लागण्याची. आपल्या कानाच्या आत, ऐकण्याच्या अवयवाला लागूनच, अर्धवर्तुळाकार अशा तीन बारीक नळ्या आहेत. त्यांत द्रव असतो. डोके कोणत्याही बाजूला वळले की हा द्रव हलतो आणि मेंदूला बातमी जाते, 'आपण वळलो.' आता घाटात गाडी डाव्या-उजव्या बाजूला वळत आहे आणि मुलाचे डोळे मांडीवरच्या पडद्याला खिळलेले आहेत, अशी कल्पना करा. कान सांगतो, आपण वळतो आहोत. डोळा सांगतो, छे, समोरची वस्तू तर जागच्या जागी आहे. दोन साक्षीदार दोन तऱ्हेची साक्ष देऊ लागले की मेंदू गोंधळतो आणि त्यातून मळमळ, घाम, वांती सुरू होते. दोन वर्षांखालील मुलांना गाडी क्वचितच लागते. दोन ते बारा या वयात हा त्रास अधिक. मोबाइल पाहताना जे होते, तेच पुस्तक वाचताना किंवा चित्र रंगवतानाही होते. म्हणून आंबा घाट असो, कुंभार्ली असो की माळशेज, चढण सुरू झाली की हातातले सारे बाजूला ठेवावे, काच थोडी खाली करावी आणि मुलाला लांबच्या डोंगराकडे पाहायला सांगावे. मग कानाची आणि डोळ्याची साक्ष जुळते. प्रवासाआधी पोट तडस भरू नये, अगदी रिकामेही ठेवू नये. औषध द्यायचे तर डॉक्टरांना विचारूनच द्यावे.

दुसरी गोष्ट, सुट्या वस्तूची. ताशी ६० च्या वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळली, तर गाडी थांबते, पण तिच्यातली मोकळी वस्तू त्याच वेगाने पुढे जाते. गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असे धरून हिशेब केला, तर प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे १७ पट जोर येतो. अर्ध्या किलोचा टॅब्लेट साडेआठ किलोच्या धोंड्यासारखा येऊन बसतो. म्हणून पडदा वापरायचाच असेल, तर तो सीटच्या पाठीला पक्का बसवलेला असावा. मुलाच्या हातात किंवा मागच्या काचेजवळ सुटा ठेवू नये. खेळणीही कापडाची, मऊ आणि हलकी असावीत. लोखंडी गाडी, काचेची बाटली, स्टीलचा डबा हे पायाशी किंवा डिकीत असावे.

आणि हाच हिशेब मुलालाही लावून पाहा. १५ किलोचे मूल मांडीवर आहे. धडकेच्या क्षणी ते अडीचशे किलोच्या जोराने पुढे ओढले जाईल. आईची माया कितीही मोठी असली तरी हातांत एवढे बळ कोठून येणार? म्हणून सांगतो, मुलाचे रंजन कोणतेही असो, ते पट्टा लावलेल्या मुलाचे असावे. लहानग्याला त्याच्या वयाची वेगळी सीट असावी. गाडीचा पट्टा मानेवरून व पोटावरून न जाता खांद्यावरून आणि कमरेच्या हाडावरून जाईल इतके मूल उंच झाले, की मग तोच लावावा. कायदाही हेच सांगतो. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्ट्याशिवाय किंवा बालसीटशिवाय नेणाऱ्यास १,००० रुपये दंड आहे. मागे बसणाऱ्याला पट्टा कशाला, असे पुष्कळजण विचारतात. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री दगावले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मोठ्या माणसाची ही गत, तर मुलाची काय सांगावी?

तिसरी गोष्ट, वयाची आणि वेळेची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली लहान मुलांसाठी जी मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांत दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासाहून अधिक दाखवू नये असे म्हटले आहे. सहा तासांच्या प्रवासात सहाही तास पडदा चालू ठेवणे यात बसत नाही. कानाला हेडफोन लावून दिले तर आवाज बेताचा ठेवावा. हेडफोन लावलेल्या मुलाला आपण साध्या आवाजात हाक मारली आणि त्याला मुळीच ऐकू आली नाही, तर आवाज फार झाला असे समजावे.

आता तुम्ही म्हणाल, पडद्याचे दोष सांगितलेत, मग द्यायचे तरी काय? याचे उत्तर आपल्याजवळच आहे. डोळ्यांना बाहेर मोकळे सोडावे आणि कानाला आत काम द्यावे. ऐकण्यामुळे गाडी लागत नाही. चालवणाऱ्याचे डोळेही रस्त्यावरून हटत नाहीत. मोटारीत ऐकण्याची सोय काही आजची नाही. अमेरिकेत १९३० साली गॅल्विन बंधूंच्या कारखान्याने मोटारीत बसवायचा रेडिओ विकायला काढला आणि त्याला 'मोटोरोला' हे नाव दिले. पुढे कॅसेट आली, मग तबकडी आली, आणि आता मोबाइलमधला आवाज बिनतारी पद्धतीने गाडीच्या कर्ण्यातून ऐकता येतो. साधन बदलले, पण गोष्ट ऐकण्याची मुलांची हौस तीच आहे.

येथे एक व्यवहाराची सूचना करतो. एफएम रेडिओच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला किंवा गाडी बोगद्यात शिरली, की आवाज खरखरतो आणि तुटतो. घाटात मोबाइलचीही तीच तऱ्हा. म्हणून गोष्टी, गाणी, नाटुकली आदल्या रात्रीच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावीत आणि गाडी सुरू करण्यापूर्वी लावून द्यावीत. याहून सोपा उपाय म्हणजे आजीने घरीच चार गोष्टी सांगाव्यात आणि घरातल्या कोणीतरी त्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित कराव्यात. आजी बरोबर नसली तरी तिचा आवाज गाडीत असतो. आणि आजी बरोबर असेल, तर यंत्राची गरजच काय?

ऐकून कंटाळा आला की खेळ. गाण्याच्या भेंड्या, उखाणे, कोडी हे तर घरचेच. त्यात डोळ्यांना बाहेर नेणारे काही खेळ मिळवावेत. पुढच्या गाडीचा क्रमांक पाहावा. एमएच १२ म्हणजे पुणे, ०९ कोल्हापूर, १३ सोलापूर, १५ नाशिक, ३१ नागपूर. केए २२ दिसली तर बेळगावची, जीए दिसली तर गोव्याची. पाटीचा रंगही बोलतो. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असतील तर खाजगी गाडी, पिवळ्यावर काळी असतील तर भाड्याची, आणि हिरवी पाटी विजेवर चालणाऱ्या गाडीची. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, आणि नारिंगी असेल तर गावाकडचा रस्ता. अर्ध्या दिवसात पोरे हे तोंडपाठ करतात.

गुरुजी आणि बाई, यातला पुढचा खेळ खास तुमच्यासाठी. एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद लागले ते मुलांनी मोजावे. ३,६०० ला त्या सेकंदांनी भागले की गाडीचा ताशी वेग निघतो. ६० सेकंद लागले तर वेग ६०, ७२ लागले तर ५०, आणि ९० लागले तर ४०. वर्गात फळ्यावर जो भागाकार रुक्ष वाटतो, तो सहलीच्या गाडीत मुले भांडून भांडून करतात. सहलीच्या आधी प्रत्येक मुलाला वाटेवरच्या गावांची, नद्यांची आणि पुलांची यादी वहीत उतरवून घ्यायला सांगा. गाडी थांबेल तेव्हा त्यांनी खुणा कराव्यात. चालत्या गाडीत लिहायला बसवू नका, नाही तर पिशव्या वाटण्याची पाळी येईल. आणि शाळेतून एवढे शिकवाच, की पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरू करू नका, असे मुलानेच बापाला सांगावे. पोराने टोकले की बाप ऐकतो.

जाता जाता, जी करमणूक मुळीच करू नये तीही सांगतो. गाडीच्या छपराची काच उघडून मुलाला वर उभे करण्याची हौस हल्ली फार दिसते. अचानक ब्रेक लागला, तर त्या मुलाला धरायला काहीही नसते. खिडकीतून हात किंवा डोके बाहेर काढू देऊ नये. चालत्या गाडीत लहानग्याला शेंगदाणे, चणे किंवा कडक गोळी देऊन गप्प करू नये. एका हिसक्याने दाणा श्वासनळीत जातो आणि मागे वळून पाहणारे कोणी नसते. आणि मोबाइल हाती देऊन मुलाला बंद गाडीत ठेवून कोणीही, पाच मिनिटांसाठीसुद्धा, दुकानात जाऊ नये. उन्हात बंद गाडीतली हवा दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी तापते. मोठ्या माणसापेक्षा मुलाचे अंग लवकर तापते आणि त्याला दार उघडता येत नाही.

एवढे सगळे लक्षात ठेवायचे तर मग गाडीत बसायचे कधी, असे कोणी म्हणेल. त्यासाठी प्रवासाच्या आदल्या रात्री तीनच कामे करा. गोष्टी उतरवून ठेवा, मऊ खेळण्यांची पिशवी भरा आणि वाटेत कोठे थांबायचे ते ठरवा. दीड-दोन तासांनी गाडी बाजूला सुरक्षित जागी घ्या, मुलांना पाय मोकळे करू द्या, पाणी पाजा. मुलांचे भांडण विकोपाला गेले, तर मागे वळून ओरडू नका. मागे बसलेल्या मोठ्या माणसावर ते सोपवा, नाही तर गाडी थांबवा आणि मग बोला. जत्रा पाच मिनिटे उशिरा गाठली म्हणून देव रागावत नाही.